मुरगळलेला घोटा आणि तोलाचे शिक्षण

मैदानी खेळांत घोटा मुरगळणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिला दुखापत म्हणावयासही पुष्कळजण तयार नसतात. खेळता खेळता पाय वाकडा पडतो, क्षणभर तीव्र कळ येते आणि घोट्याच्या बाहेरील बाजूस सूज चढते. घरी आंबेहळदीचा लेप लागतो, दोनचार दिवस लंगडत शाळेत जाणे होते आणि पंधरवड्याच्या आत खेळाडू पुन्हा मैदानावर उतरतो. पालकांच्या, शिक्षकांच्या आणि खुद्द खेळाडूच्याही दृष्टीने प्रकरण तेथेच संपते.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. घोटा प्रथम मुरगळल्यानंतर दर दहांपैकी चारजणांपर्यंत खेळाडूंच्या मागे ही तक्रार दीर्घकाळ लागते, असे वैद्यकीय पाहण्यांत आढळून आले आहे. सूज उतरते, वेदना थांबते; पण पाय पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही. वळताना, उडीनंतर जमिनीवर येताना, कधी साध्या उंचसखल वाटेवरही घोटा अचानक दगा देतो. तो पुन्हा पुन्हा मुरगळतो. खेळाडू नकळत त्या पायावर भार टाकण्याचे टाळू लागतो, त्याची चपळाई कमी होते आणि संघातील त्याची जागा जाते. मुलींच्या बाबतीत तर एकदा पायाच्या दुखण्याने घरी बसलेली मुलगी मैदानावर परत येणे अधिकच कठीण असते. या विकारास घोट्याची जुनाट अस्थिरता असे म्हणतात.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. या संघांचे नेतृत्व अनुक्रमे प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. गावातील मातीच्या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या खेळाची वाट आता किती दूरवर जाते, हे यावरून ध्यानात यावे. अशा वेळी केवळ एका दुर्लक्षित घोट्यापायी एखाद्या गुणी खेळाडूने खेळ सोडावा, ही हानी त्याची एकट्याची नसते. ती शाळेची आणि गावाचीही असते. सुदैवाने ही हानी बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. तोलाचे पद्धतशीर शिक्षण हा तो उपाय होय.

घोट्याची घडण

नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरील अंगाचे बारीक हाड ही दोन हाडे खाली येऊन एक कोंदण तयार करतात. घोट्याच्या आतील आणि बाहेरील बाजूस जे दोन उंचवटे हाताला लागतात, ती या हाडांची टोके होत. पायाचे सर्वांत वरचे हाड या कोंदणात बसते. हे हाड पुढच्या बाजूस रुंद आणि मागच्या बाजूस अरुंद असते. त्यामुळे पाऊल जमिनीवर सपाट टेकलेले असताना सांधा घट्ट बसतो. परंतु चवडा खाली झुकला आणि टाच उचलली गेली की अरुंद भाग कोंदणात येतो आणि सांधा सैल पडतो.

हाडांना एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांस अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध रुंद आणि मजबूत असतो. बाहेरील बाजूस मात्र तीन निरनिराळे अस्थिबंध असून त्यांपैकी पुढचा सर्वांत दुबळा असतो. शिवाय बाहेरील उंचवटा आतल्यापेक्षा अधिक खाली उतरलेला असल्यामुळे पाऊल बाहेरच्या दिशेने सहसा वळत नाही. ते आतल्या दिशेने वळते. चवडा खाली झुकलेला आणि तळवा आत वळलेला अशा स्थितीत शरीराचा सारा भार पायावर आला, तर हा पुढचा अस्थिबंध प्रथम ताणला जातो किंवा फाटतो.

आपल्या नेहमीच्या खेळांत ही स्थिती वारंवार येते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पकडणाऱ्यांच्या हातांवरून उडी घेतो आणि एका पायावर खाली येतो. कधी त्याचा घोटाच प्रतिपक्षाच्या हाती सापडतो आणि शरीर मात्र मध्यरेषेकडे झेपावत असते. खो-खोमध्ये बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच एका झटक्यात उठून धावतो, तर पळणारा खेळाडू हुलकावणी देण्यासाठी क्षणोक्षणी दिशा बदलतो. व्हॉलीबॉलमध्ये जाळ्याजवळ उडी घेतलेल्या खेळाडूचा पाय दुसऱ्याच्या पावलावर पडतो. या सर्व प्रसंगी घोट्याची कसोटी लागते.

तोल कसा सांभाळला जातो

अस्थिबंध हे केवळ दोरखंडासारखे बांधून ठेवणारे पट्टे आहेत, अशी समजूत पूर्वी होती. तसे असते तर अस्थिबंध भरून आल्यावर तक्रार संपावयास हवी होती. ज्यांचा सांधा तपासणीत मुळीच सैल आढळत नाही, अशांनाही घोटा दगा देत असल्याचा अनुभव येतो. याचे कारण काय असावे?

लंडनमधील शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मांडले. अस्थिबंधांमध्ये आणि सांध्याच्या आवरणात सूक्ष्म मज्जातंतूंची टोके असतात. सांधा कोणत्या कोनात आहे, तो किती वेगाने वळतो आहे, याची वार्ता ही टोके मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे सतत पाठवीत असतात. डोळे मिटले तरी आपले पाऊल सरळ आहे की वाकडे, हे आपणास कळते ते या व्यवस्थेमुळे. तिला स्थितिसंवेदना म्हणता येईल. घोटा मुरगळला म्हणजे अस्थिबंधाबरोबर या तंतूंनाही इजा होते आणि वार्ता वेळेवर पोहोचत नाही, असे फ्रीमन यांचे प्रतिपादन होते. दुखावलेल्या पायावर उभे राहताना रुग्णांचा तोल अधिक ढळतो, हे त्यांनी पाहिले. डळमळत्या फळीवर तोल सावरण्याचा सराव दिलेल्या रुग्णांमध्ये ही तक्रार कमी राहते, असेही त्यांना आढळले.

त्यानंतरच्या सहा दशकांत या विचारात भर पडली. दोष केवळ घोट्यातील तंतूंचा नसून मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याकडून स्नायूंना मिळणाऱ्या आदेशांतही बदल होतो, हे आता मान्य झाले आहे. नडगीच्या बाहेरील बाजूचे स्नायू आकुंचन पावून आत वळणारे पाऊल सावरतात. परंतु पाय वाकडा पडल्यानंतर हे स्नायू जागे होईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, कारण घोटा मुरगळण्याची सारी क्रिया सेकंदाच्या एका लहानशा अंशात घडून जाते. म्हणून कुशल खेळाडूचे शरीर पाऊल जमिनीस लागण्यापूर्वीच ते योग्य कोनात धरते आणि स्नायू सज्ज ठेवते. अस्थिर घोट्याच्या खेळाडूत ही पूर्वतयारी बिघडलेली असते. तोल राखण्यासाठी तो डोळ्यांवर प्रमाणाबाहेर विसंबून राहतो. खेळात डोळे तर चेंडूकडे किंवा प्रतिपक्षाकडे लागलेले असतात. साहजिकच पाय उघडा पडतो.

तात्पर्य असे की, अस्थिबंध विश्रांतीने भरून येतो, पण बिघडलेली सवय विश्रांतीने सुधारत नाही. ती पुन्हा शिकावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चालणे जसे सरावाने साधते, तसाच घोट्याचा तोलही सरावानेच परत मिळतो.

प्रयोगांची साक्ष

या उपायाची उपयुक्तता अनेक देशांत तपासून पाहण्यात आली आहे. स्वीडनमधील फुटबॉल खेळाडूंवर झालेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी घोटा दुखावलेल्या खेळाडूंना तोलाच्या तबकडीवर सराव दिल्यावर त्यांच्यातील नव्या दुखापतींचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटले.

शिक्षकांच्या दृष्टीने अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील प्रयोग विशेष उद्बोधक आहे. माध्यमिक शाळांतील फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या ७६५ मुलामुलींवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोलाचा सराव न केलेल्या गटात घोटा मुरगळण्याचे प्रमाण शेकडा ९.९ होते, तर सराव केलेल्या गटात ते शेकडा ६.१ इतके राहिले.

नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्या खेळाडूंना आठ आठवड्यांचा तोलाचा सराव सांगण्यात आला. तो त्यांनी कोणाच्याही देखरेखीशिवाय घरच्या घरी करावयाचा होता. वर्षभरात या गटातील शेकडा २२ खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात हेच प्रमाण शेकडा ३३ होते. मोठ्या रुग्णालयात न जाता, साध्या सूचनांच्या आधारे केलेला सरावही फलदायी ठरतो, हे यावरून सिद्ध झाले.

त्याच देशात व्हॉलीबॉल खेळाडूंवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एक सावधगिरीची सूचनाही दिली. पूर्वी घोटा दुखावलेल्या खेळाडूंना या सरावाचा स्पष्ट लाभ झाला. मात्र ज्यांचे गुडघे पूर्वी दुखावले होते अशा खेळाडूंत अतिश्रमाने होणारे गुडघेदुखीचे प्रमाण वाढले. तेव्हा गुडघ्याची जुनी तक्रार असलेल्यांना हा सराव बेताने आणि वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावा.

पहिले काही दिवस

घोटा मुरगळताच खेळ थांबविणे, पाय उंच ठेवणे, दाबपट्टी बांधणे आणि वेदना शमविण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावणे, एवढेच प्रथमोपचार पुरेसे आहेत. पहिल्या दोनतीन दिवसांत पाय जोराने चोळणे किंवा ओढून ‘बसविणे’ सर्वस्वी टाळावे. त्यामुळे आतील रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड मोडलेले असल्यास इजा अधिक गंभीर होते.

हाड मोडल्याची शंका केव्हा घ्यावी, याविषयी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये काही सोपे नियम तयार झाले असून जगभर त्यांचा वापर होतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागील कडेवर किंवा टोकावर दाबल्यास हाड दुखणे, पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावरील उंचवटा किंवा आतील बाजूचे कमानीवरील हाड दाबल्यावर दुखणे, अथवा चार पावलेही चालता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्ष-किरण तपासणी आवश्यक समजावी. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो. त्यास इजा होण्याचा संभव असल्याने मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना दाखविण्यात दिरंगाई करू नये.

हाड शाबूत असल्याची खात्री झाल्यावर मात्र पाय आठवडेच्या आठवडे बांधून ठेवणे हितावह नसते. वेदना सोसेल त्या मानाने लवकर हालचाल आणि चालणे सुरू करावे. वेदनेशिवाय चालता येऊ लागले आणि सूज बहुतांशी उतरली म्हणजे तोलाच्या शिक्षणास आरंभ करावा.

जुनाट अस्थिरता कशी ओळखावी

शाळेच्या प्रत्येक संघात ही तक्रार असलेले एकदोन खेळाडू सापडण्याचा संभव असतो. ते आपणहून बोलत नाहीत, कारण संघातून वगळले जाण्याची त्यांस भीती वाटते. म्हणून हंगामाच्या प्रारंभीच शिक्षकांनी प्रत्येक खेळाडूस काही प्रश्न विचारावेत. घोटा पूर्वी कधी जोराने मुरगळला होता काय? त्यास वर्ष होऊन गेल्यावरही तो अधूनमधून मुरगळतो काय? गेल्या सहा महिन्यांत चालताना किंवा धावताना तो दोन वा अधिक वेळा अचानक कलंडला काय? उंचसखल जमिनीवर त्या पायाची धास्ती वाटते काय? पहिल्या प्रश्नाबरोबर इतरांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर त्या खेळाडूकडे विशेष लक्ष द्यावे. क्ष-किरण चित्रात काही दोष नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार खोटी ठरवू नये. स्थितिसंवेदनेतील दोष अशा चित्रात दिसत नाही.

आठ आठवड्यांचा शिक्षणक्रम

पुढे दिलेला क्रम कोणत्याही शाळेच्या मैदानावर राबविता येईल असा आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा ते पंधरा मिनिटे, खेळाडू ताजातवाना असताना म्हणजे खेळाच्या आधी हा सराव घ्यावा. दोन्ही पायांनी करावा. कारण एका घोट्याच्या दुखापतीनंतर दुसऱ्या पायाचा तोलही कमी झालेला आढळतो.

पहिला व दुसरा आठवडा : सपाट जमिनीवर अनवाणी उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवावेत. एक पाय उचलावा, उभ्या पायाचा गुडघा किंचित वाकवावा आणि नजर समोर स्थिर ठेवावी. असे तीस सेकंद उभे राहावे. प्रत्येक पायाने चार आवर्तने करावीत. ज्या शाळांत योगासने शिकविली जातात तेथे वृक्षासनाचा या टप्प्यात चांगला उपयोग होतो. हे साधल्यावर तेच डोळे मिटून करावे. त्या वेळी जवळ भिंत किंवा जोडीदार असावा. याच काळात स्नायूंच्या बळकटीसाठी टाचा उचलून चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायाम करावा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बाकाच्या पायास बांधून, त्याच्या फासात पाऊल अडकवून ते बाहेरच्या दिशेने ओढण्याचा व्यायामही उपयुक्त आहे.

तिसरा व चौथा आठवडा : आता उभे राहण्याची जागा डळमळती करावी. घडी घातलेली घोंगडी किंवा लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू यासाठी पुरेशी आहे. गावातील सुताराकडून सुमारे दीड फूट व्यासाची गोल फळी करून तिच्या खाली मध्यभागी अर्धगोल लाकडी ठोकळा बसवून घेतल्यास उत्तम तोलफळी तयार होते. अशा जागी एका पायावर उभे राहून जोडीदाराने फेकलेला चेंडू झेलावा आणि परत फेकावा. चेंडूकडे लक्ष गेल्यामुळे पायाला आपले काम आपोआप करण्याची सवय लागते. त्याचप्रमाणे सपाट जमिनीवर एका पायावर उभे राहून, पुढे व दोन्ही बाजूंस ठेवलेले खडे वाकून उचलण्याचा सराव करावा.

पाचवा व सहावा आठवडा : या टप्प्यात उडी येते. जमिनीवर फक्कीने अधिक चिन्हासारख्या दोन रेघा आखाव्यात. एका पायावर पुढे सुमारे दीड फुटाची उडी घ्यावी, गुडघा वाकवून अलगद खाली यावे आणि त्याच स्थितीत पाच सेकंद स्थिर राहावे. मग मागे, डावीकडे, उजवीकडे आणि तिरपे असे क्रमाने करावे. उडी किती लांब गेली यापेक्षा खाली आल्यावर पाय किती स्थिर राहिला, यास महत्त्व द्यावे. आपल्या लंगडीचा खेळ येथे फार उपयोगी पडतो. मात्र त्यास एक नियम जोडावा : शिट्टी वाजताच प्रत्येकाने आहे त्या जागी, एका पायावर स्तब्ध व्हावे. लंगडी ही तोलाची उत्तम शाळा आहे. तथापि नुकताच दुखावलेला घोटा पहिल्याच आठवड्यात लंगडीत उतरविणे धोक्याचे ठरते. तिची जागा या तिसऱ्या टप्प्यातच आहे.

सातवा व आठवा आठवडा : आता प्रत्यक्ष खेळातील हालचाली आणाव्यात. कबड्डीच्या खेळाडूने प्रतिपक्षाशिवाय चढाई करून बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकावे, क्षणभर एका पायावर तोल धरावा आणि वळून परतावे. खो-खोच्या खेळाडूने बसलेल्या स्थितीतून उठून झेप घ्यावी, खांबाजवळ वळावे आणि शिट्टीसरशी दिशा बदलावी. व्हॉलीबॉलपटूने जाळ्याजवळ उडी घेऊन प्रथम दोन आणि नंतर एका पायावर खाली येण्याचा सराव करावा. प्रारंभी हालचाली संथ असाव्यात, पुढे वेग वाढवावा.

एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाण्याचा निकष आठवड्यांची संख्या हा नसून चुकांची संख्या हा असावा. उचललेला पाय जमिनीस टेकणे, हात कमरेवरून सुटणे, उभे पाऊल जागचे हलणे किंवा मिटलेले डोळे उघडणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट ही एक चूक. चारही आवर्तने विनाचूक पार पडली तरच पुढे जावे. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला किंवा अधिक दुखरा आढळला तर एक टप्पा मागे यावे. आठ आठवडे संपल्यावरही सराव सोडू नये. हंगाम चालू असेपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी तो नेहमीच्या पूर्वव्यायामात असावा.

प्रगतीचे मोजमाप

सुधारणा झाली की नाही, हे खेळाडूच्या सांगण्यावर सोडू नये. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. जमिनीवर एका बिंदूपासून तीन रेघा आखाव्यात : एक सरळ पुढे आणि दोन मागे तिरप्या. खेळाडूने बिंदूवर एका पायाने उभे राहावे, हात कमरेवर ठेवावेत आणि दुसऱ्या पायाचा अंगठा प्रत्येक रेघेवर जमेल तितक्या लांब अलगद टेकवून मूळ स्थितीत परत यावे. हे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात शालेय बास्केटबॉल खेळाडूंच्या पाहणीत, पुढच्या दिशेच्या अंतरात उजव्या आणि डाव्या पायांत चार सेंटिमीटरहून अधिक फरक असलेल्यांना पायाच्या दुखापतीचा धोका सुमारे अडीच पट आढळला होता. हा फरक कमी होत जाणे, हे तोल सुधारत असल्याचे चांगले लक्षण समजावे.

उपायाच्या मर्यादा

तोलाचे शिक्षण हा सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय नव्हे. पूर्णपणे सैल झालेला अस्थिबंध सरावाने घट्ट होत नाही; स्नायू आणि मज्जासंस्था त्याची उणीव भरून काढतात एवढेच. काही महिने नेमाने सराव करूनही घोटा दगा देत राहिला, सांध्यात काही अडकल्यासारखे वाटू लागले किंवा वेदना खोलवर टिकून राहिली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे अगत्याचे आहे. अशा मोजक्या रुग्णांसाठी अस्थिबंध दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध असून, स्वीडनमधील ब्रॉस्ट्रम यांनी १९६६ मध्ये वर्णिलेली पद्धत सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते.

पूर्वी घोटा मुरगळलेल्या खेळाडूंना घोट्याचा आधारपट्टा किंवा चिकटपट्टीचा बंध सामन्याच्या वेळी निश्चित उपयोगी पडतो. परंतु तो सरावाला पर्याय नव्हे. नुसत्या पट्ट्याच्या भरवशावर खेळणाऱ्याचा तोल सुधारत नाही. सराव आणि आधार या दोहोंची जोड सर्वांत श्रेयस्कर.

शाळा आणि पंचायत यांचे कर्तव्य

या कामी निधीपेक्षा नियमितपणाची गरज अधिक आहे. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी दुखापतींची एक साधी वही ठेवावी. कोणाचा कोणता पाय, कोणत्या खेळात, केव्हा दुखावला आणि तो पुन्हा मैदानावर केव्हा आला, एवढी नोंद पुरेशी आहे. दोन हंगामांच्या नोंदी हाताशी आल्या म्हणजे कोणाची काळजी घ्यावयास हवी हे आपोआप दिसू लागते. शक्य असेल तेथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांना हंगामापूर्वी एकदा शाळेत निमंत्रित करावे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी मैदानाकडे लक्ष द्यावे. पावसाळ्यानंतर मैदानावर घळी पडतात, वाहनांच्या चाकोऱ्या उमटतात आणि समारंभांच्या मांडवांसाठी खणलेले खांबांचे खड्डे तसेच राहून जातात. स्पर्धांपूर्वी हे खड्डे बुजवून, दगडगोटे वेचून, पाणी मारून मैदानावर रूळ फिरविणे हे श्रमदानानेही होण्यासारखे काम आहे. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू भरली तर उडीबरोबर तोलाच्या सरावाचीही सोय होते.

अधिकाऱ्यांना या बाबतीत पुष्कळ करता येईल. क्रीडाशिक्षकांच्या उजळणी वर्गात या विषयास एक तास देणे, तालुका आणि जिल्हा पातळीवरील स्पर्धांच्या वेळी प्रथमोपचाराची व्यवस्था असल्याची खात्री करून घेणे आणि दुखावलेल्या खेळाडूस त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरविले जाणार नाही हे पाहणे, या गोष्टी सहज शक्य आहेत. अंतिम सामन्याच्या दिवशी संघाचा मोह मोठा असतो. सुजलेल्या घोट्यावर पट्टी आवळून खेळलेला एक सामना पुढच्या अनेक वर्षांच्या खेळाला मुकवू शकतो, हे शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनीही ध्यानी घेतले पाहिजे.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, ही समजूत सोडून देण्याची वेळ आली आहे. खेळाडू दुखावलेल्या पायावर डोळे मिटून तीस सेकंद स्थिर उभा राहू शकला, त्याच पायावर उडी घेऊन न डळमळता थांबू शकला आणि दोन्ही पायांत फरक उरला नाही, म्हणजेच तो बरा झाला असे मानावे. ही कसोटी घेण्यास मैदानाचा एक कोपरा, थोडी फक्की, मोजण्याची टेप आणि शिक्षकाची पंधरा मिनिटे लागतात. एवढे कोणत्याही गावाच्या आवाक्यात आहे.